पत्त्यातील कोरी जागा

विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. दिवसाकाठी एक गाडी जायची आणि एक यायची. एवढ्यासाठी वेळापत्रक जवळ बाळगण्याची गरज नव्हती. पुढे गाड्या वाढल्या, जलद आणि धिम्या अशी त्यांची वर्गवारी झाली आणि विरारकराच्या खिशात वेळापत्रकाची पुस्तिका आली. आज त्या पुस्तिकेचे काम मोबाइल करतो. सचिन टेके यांनी २०१० च्या सुमारास तयार केलेले 'एम-इंडिकेटर' हे ॲप मुंबईकरांना नव्याने सांगायला नको. त्यात वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले असते. सकाळच्या खच्चून भरलेल्या डब्यात, जेथे एकेका मनोऱ्यावर असंख्य फोनांचा भार पडतो आणि इंटरनेट रेंगाळते, तेथेही पुढची गाडी किती वाजता ते कळते. गाडी आत्ता कोठे पोहोचली हे मात्र जाळ्यावर विचारूनच कळेल. साठवता येण्याजोगी माहिती कोणती आणि प्रत्येक वेळी विचारावी लागणारी कोणती, हा भेद ध्यानात ठेवावा.

वेळापत्रक म्हणजे आकड्यांचे रकाने. मथळे, चित्रे, दुवे असलेला एखादा पाठ, म्हणजे संपूर्ण वेबपान, असेच खिशात ठेवता येईल काय? येते. परंतु तसे करताना एक चमत्कारिक अडचण उभी राहिली आणि ती सोडवण्यात दहा वर्षांहून अधिक काळ गेला. त्याचीच हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

वेबपान 'इंटरनेटवर असते' अशी आपल्या विद्यार्थ्यांची समजूत असते. वस्तुतः ते असते एखाद्या संगणकाच्या तबकडीवरील साधी मजकुराची फाईल. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये आपली कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर चालू केला. हा शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा अशा खुणा मजकुरात घालायच्या आणि ब्राउझरने त्या वाचून पान मांडायचे, एवढीच युक्ती. ती फाईल दूरच्या संगणकावरून आली की शेजारच्या कप्प्यातून, याने मांडणीत काहीच फरक पडत नाही.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून, तासांच्या हिशेबाने मिळत असे. त्यामुळे पान उतरवून घ्यावे, तार सोडावी आणि मग सावकाश वाचावे, हा शहाणपणाचा मार्ग होता. आम्हांला तर वाटते की त्या काळातील वाचकाला वेबपान म्हणजे काय हे आजच्यापेक्षा अधिक स्पष्ट कळत असावे.

आता पत्त्याकडे पाहू. जाळ्यावरील पत्त्यात विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर दोन तिरप्या रेघा येतात, मग संगणकाचे नाव, मग आणखी एक रेघ आणि फाईलचा मार्ग. (पहिल्या दोन रेघा नसत्या तरी चालले असते, असे खुद्द बर्नर्स-ली यांनी २००९ मध्ये सांगितले.) फाईल आपल्याच यंत्रावरची असेल तर पत्ता 'फाईल' या शब्दाने सुरू होतो आणि पुढे ओळीने तीन रेघा दिसतात. तिसरी रेघ चुकून पडलेली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मध्ये संगणकाचे नाव यायला हवे होते. ती जागा कोरी आहे, म्हणजे 'हेच यंत्र'.

अडचण या कोऱ्या जागेतून निघाली. १९९० च्या दशकाच्या मध्यास नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये पानाला आज्ञा चालवण्याची सोय दिली, आणि त्याबरोबर एक नियमही घालावा लागला. ज्या पानाच्या दारावर जी पाटी, त्याने त्याच पाटीच्या घरातील कपाटे उघडावीत, दुसऱ्याच्या घरातील नव्हे. बँकेच्या पानावरील मजकूर भलत्याच पानाला वाचता येत नाही, तो या नियमामुळे. पण यंत्रावरील फाईलची पाटी कोरी! कोरी पाटी असलेली सर्व घरे एकाच कुटुंबाची मानायची, की कोणाचे कोणाशीच नाते नाही असे मानायचे?

२००८ मध्ये ॲपल आणि अँड्रॉइड या दोन्हींच्या ॲप-निर्मात्यांना आपल्या ॲपच्या आत वेबपान दाखवण्याची चौकट मिळाली. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये पाने ठेवण्यासाठी एक कप्पाही असतो. त्याच वर्षी 'फोनगॅप' निघाले. संपूर्ण ॲप वेबपानांचेच करावे, ही त्यामागची कल्पना. २०११ मध्ये मूळ कॅनेडियन कंपनी ॲडोबीने विकत घेतली आणि आज्ञावली अपाची प्रतिष्ठानाकडे गेली. तिचे 'कॉर्डोव्हा' हे नाव व्हँकूव्हरमधील ज्या रस्त्यावर त्या कंपनीची कचेरी होती त्याचे!

अँड्रॉइडने आरंभी पहिला, उदार अर्थ घेतला: कोरी पाटी म्हणजे सारे घरचेच. मग बाहेरून उतरवलेले एखादे लबाड पान त्या चौकटीत उघडले, तर ॲपला जे जे वाचता येते ते ते त्यालाही वाचता येई आणि बाहेर धाडता येई. २०१२ च्या ४.१ या आवृत्तीपासून नव्या ॲपांसाठी ही मुभा मुळातच बंद झाली. ॲपलने २०१४ मध्ये नवी चौकट आणली, तर तिच्यात ॲपमधील स्वतःची पानेसुद्धा नीट उघडेनात. निर्मात्यांनी बराच त्रागा केला. पुढच्या वर्षी सुधारणा झाली ती अशी, की पान उघडताना कोणता कप्पा वाचायची परवानगी आहे हेही सांगावे.

शेवटी निघालेला तोडगा फार साधा आहे. कोऱ्या पाटीवर नाव लिहायचे! अँड्रॉइडसाठी गूगलने एक पत्ता राखून ठेवला आहे. ॲपमधील पान त्या पत्त्यावरून आल्याचे भासवले जाते. मागणी जाळ्यावर जाण्याआधीच ॲप ती अडवते आणि कप्प्यातील फाईल पुढे करते. आता पानाला नाव मिळाले, म्हणून जुना नियम जसाच्या तसा लागू पडतो.

शिक्षकांना हे दूरचे वाटू नये. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले 'दीक्षा' ॲप आणि बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड आपल्या परिचयाचे आहेत. त्या ॲपमागील 'सनबर्ड' या आज्ञावलीच्या मोबाइल आवृत्तीत कॉर्डोव्हाच वापरले गेले. शिक्षक जेथे जाळे मिळते तेथे पाठ उतरवून घेतो आणि जेथे मिळत नाही त्या वर्गात उघडतो, तेव्हा ही सगळी यंत्रणा कामाला लागते. उणीव एकच, पण मोठी: उतरवलेल्या पाठात मागाहून दुरुस्ती झाली, तर नवी प्रत घेईपर्यंत वर्गात जुनाच पाठ चालतो. रेल्वेने वेळा बदलल्यावर जुन्या पुस्तिकेवर विसंबणाऱ्या प्रवाशाची गत तीच.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. संगणकाचे इंटरनेट बंद करून एक लहानसे पान लिहावे आणि त्याच कप्प्यातील एक चित्र त्यात घालावे. पान ब्राउझरमध्ये उघडा, चित्र दिसेल. पत्त्यातील तीन रेघा मुलांना मोजायला सांगा. मग ज्यांना आज्ञा लिहिता येतात त्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या फाईलमधील मजकूर 'फेच' या आज्ञेने वाचून आणण्याचा प्रयत्न करावा. क्रोम किंवा फायरफॉक्सच्या चालू आवृत्त्या ही आज्ञा नाकारतील, आणि तपशिलाच्या खिडकीत नकाराचे कारणही लाल अक्षरांत छापलेले दिसेल.