क्लिव्हडनचें जोतें

एखाद्या इमारतीचें वय तिच्या भिंतींवरून मोजावें कीं जोत्यावरून, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. इंग्लंडांतील बकिंगहॅमशायर परगण्यांत, टेम्स नदीच्या कांठीं असलेल्या क्लिव्हडन या प्रासादाचा इतिहास पाहूं लागलें, म्हणजे मात्र तो टाळतां येत नाहीं.

नदीच्या पात्रापासून सुमारें १३० फूट उंचीवर हा प्रासाद उभा आहे. श्रोत्यांनीं दक्षिणेच्या बाजूनें त्याच्याकडे जात असल्याची कल्पना करावी. प्रासादाच्याहि आधीं डोळ्यांत भरतो तो त्याच्याखालचा विटांचा चौथरा. लांबी सुमारें ४०० फूट, उंची सुमारें २० फूट, आणि दर्शनी बाजूस कमानींची रांग. बकिंगहॅमचा दुसरा ड्यूक जॉर्ज व्हिलियर्स याच्याकरितां विल्यम विंड या स्थापत्यविशारदानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें जें पहिलें घर उभारलें, त्याचें हें जोतें होय.

तें पहिलें घर १७९५ सालीं जळालें. पुढें कित्येक वर्षें तेथें पडक्या भिंतीच होत्या. १८२४ च्या सुमारास सर जॉर्ज वॉरेंडर यानें विल्यम बर्न याच्या आराखड्याप्रमाणें दुसरें घर बांधविलें. १८४९ सालीं सदरलंडच्या ड्यूकनें तें विकत घेतलें, आणि त्याच वर्षीं तेंहि आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. दोन्ही वेळां घर गेलें. चौथरा मात्र जागचा हलला नाहीं.

तिसऱ्या घराचें काम चार्ल्स बॅरी याच्याकडे आलें. लंडन येथील पार्लमेंटच्या इमारतीचा शिल्पकार तो हाच. १८५१ सालच्या आपल्या आराखड्यांत त्यानें जुना चौथरा तसाच ठेवून त्यावर इटालियन धर्तीचा तीन मजली प्रासाद योजिला. बाहेरून रोमन सिमेंटाचा गिलावा असल्यामुळें तो दगडी असल्याचा भास होतो. कठड्यांचे खांब, स्तंभशीर्षें इत्यादि नक्षीकाम भाजलेल्या मातीचें आहे. छपराखालच्या पट्टीवर चारी बाजूंनीं घराचा इतिहास सांगणारा लॅटिन लेख कोरलेला असून तो ग्लॅडस्टननें रचिलेला आहे. शेजारीं हेन्री क्लटन यानें १८६१ सालीं सुमारें १०० फुटी घड्याळाचा मनोरा बांधिला. दिसावयास तो शोभेचा. पण त्याचें खरें काम पाणी सांठविण्याचें. दोनदां जळालेल्या घराशेजारीं पाण्याचाच मनोरा सर्वांत उंच असावा, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

१८९३ सालीं विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर या अमेरिकन धनिकानें ही मालमत्ता घेतली. त्यानें पॅरिसजवळील ॲनिएर येथल्या हवेलींतील नक्षीदार लांकडी तावदानें आणून भोजनगृहाच्या भिंतींस बसविलीं, आणि रोमच्या व्हिला बोर्गेझेचा दगडी कठडा आणून बागेंत ठेविला. १९०६ सालीं घर त्याचा मुलगा वॉल्डॉर्फ व सून नॅन्सी यांजकडे आलें. १९१९ सालीं ब्रिटिश कॉमन्स सभेंत प्रत्यक्ष आसनस्थ झालेली पहिली स्त्री ती हीच.

परंतु विसाव्या शतकांत अशा घरांवर जें संकट आलें, तें आगीहून वेगळें होतें. वारसाकर वाढले, नोकरवर्ग मिळेनासा झाला, आणि खर्च न पेलल्यामुळें अनेक थोर घरें त्यांच्या मालकांनींच पाडून टाकिलीं. वॉल्डॉर्फ ॲस्टरनें १९४२ सालीं क्लिव्हडन नॅशनल ट्रस्ट या संस्थेस देऊन टाकिलें. कुटुंबास तेथें राहतां यावें, एवढी तजवीज मात्र ठेविली. १९६६ सालीं कुटुंबानें घर सोडलें. पुढें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी तेथें राहूं लागले, आणि १९८५ पासून तेथें हॉटेल चालू आहे. मालकी मात्र ट्रस्टचीच आहे.

उमरावांच्या दिवाणखान्यांत भाडें मोजून उतरावें, हें कित्येकांस विटंबनेसारखें वाटतें. पण या घराची रचनाच पाहावी. प्रशस्त दालन, मोठें भोजनगृह, ओळीनें शयनगृहें: हें सारें पाहुण्यांच्या स्वागतासाठींच योजिलेलें होतें. १७४० सालीं युवराज फ्रेडरिक येथें राहत असतां 'रूल ब्रिटानिया' हें गीत प्रथम येथेंच गाइलें गेलें, तेंहि निमंत्रितांपुढेंच. घर बांधण्याचा हेतु बदलला नाहीं. पाहुणा कोण, एवढेंच बदललें. पूर्वीं कुळ पाहिलें जाई, आतां पैसा पाहिला जातो. त्यास निखळ समता म्हणतां येणार नाहीं; पण घर पाडून टाकिलें असतें, तर तेवढीहि वाट उरली नसती.

हॉटेलांत उतरण्याची ऐपत नसलेलाहि ट्रस्टचें तिकीट काढून बागेंत जाऊं शकतो. वरच्या भोजनगृहांत पाहुणे जेवत असतात, खालीं हिरवळीवर तो फिरत असतो. आणि दोघांच्या मध्यें विंडचा तो जुना विटांचा चौथरा आहे.