शालेय जैवतंत्रज्ञान आणि प्रयोगकौशल्य : खानदेशाच्या संदर्भात

तापीच्या खोऱ्यात जैवतंत्रज्ञान प्रथम शेतात आले. शाळेत ते पुष्कळ नंतर पोहोचले. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातील गाव कापसाच्या प्रदेशात मोडते. मार्च 2002 मध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित बीटी वाणांना केंद्र शासनाची अनुमती मिळाली आणि अल्पावधीतच बीटी कापूस महाराष्ट्रातील कापूसक्षेत्रावर पसरला. पूर्वेकडील रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात त्याहीपूर्वी, 1990 नंतरच्या दशकात, जळगावच्या जैन उद्योगसमूहाने ऊतिसंवर्धनाने वाढविलेली ग्रँड नैन जातीची रोपे आणली होती. राज्याच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात जैवतंत्रज्ञानाची ओळख करून देणारा पाठ 2017 साली आला, व दहावीच्या पुस्तकात तो विषय 2018 साली पुढे नेण्यात आला. पुस्तकात आलेला हा विषय विद्यार्थ्यांच्या हातांत कितपत आला, हा इतिहासाचाच एक प्रश्न होय.

हातांचा प्रश्न येथे गौण नाही. केळीच्या मुनव्याचे टोक कापून ते पोषक माध्यमावर ठेवणे ही क्रिया पुस्तकातील आकृतीत सोपी दिसते. त्या माध्यमाचे सूत्र मुराशिगे व स्कूग यांनी 1962 साली प्रसिद्ध केले. त्यातील क्षार व साखर ज्याप्रमाणे वनस्पतीस पोसतात, त्याचप्रमाणे बुरशीसही पोसतात. म्हणून माध्यम सुमारे 121 अंश सेल्सियस तापमानावर, 15 पौंड दाबाखाली, पंधरा-वीस मिनिटे निर्जंतुक करावे लागते. एवढ्यापुरता स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरही उपयोगी पडतो. परंतु बाटलीचे तोंड ज्योतीजवळ धरून चिमटा आत नेताना हात कोठून न्यावा, श्वास कोणत्या दिशेस सोडावा, हे वाचून येत नाही. चार बाटल्यांत बुरशी धरल्यावरच पाचवी स्वच्छ राहते. ह्या विद्येत नासाडी हा शिक्षणाचाच भाग आहे. आणि ठराविक तासिकांच्या वेळापत्रकात नासाडीला सहसा जागा नसते.

खानदेशात ह्या विचारास एक पूर्वपीठिका आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत 1974 साली होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र मुंबईत सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या क्षेत्रकार्यातील एक प्रमुख प्रकल्प त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत राबविण्यात आला. राज्याचे शिक्षणमंत्रिपद भूषविलेले मधुकरराव चौधरी हे ह्याच गावचे. केंद्राचे धुरीण वि. गो. कुलकर्णी यांनी विज्ञान शिकण्यातील भाषेच्या अडथळ्याकडे विशेष लक्ष वेधले. मूल कोठे अडते? पुष्कळदा कल्पनेपाशी नव्हे, तर ती सांगणाऱ्या संस्कृतप्रचुर वाक्यापाशी. जैवतंत्रज्ञानाच्या पाठांवर आज हाच आक्षेप अधिक तीव्रतेने घेता येईल. ‘प्रतिबंधक विकर’ असे शब्द एकामागून एक आले, की ज्याने आयुष्यभर केळीचे मुनवे पाहिले त्या शेतकऱ्याच्या मुलासही आपल्याच शिवारातील गोष्ट परकी वाटू लागते.

दुसरा प्रवाह पुणे जिल्ह्यातील पाबळचा. अन्नतंत्रज्ञानाचे अभ्यासक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतील औद्योगिक संशोधन सोडून 1983 साली तेथे विज्ञान आश्रम स्थापिला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस हाताने काम करावे, आणि ते काम गावाच्या प्रत्यक्ष उपयोगाचे असावे, ही त्यांची योजना. अभियांत्रिकी व ऊर्जा यांच्या जोडीने तीत शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य हे विभाग होते. माती तपासणे, रक्तगट ओळखणे ही कामे मुले करीत. ह्या योजनेस जैवतंत्रज्ञान हे भारदस्त नाव कोणी दिले नाही. तथापि नमुना घेणे, मोजणे, नोंदणे आणि चुकीच्या निष्कर्षाची जबाबदारी पत्करणे ही प्रयोगशाळेची चारही अंगे तीत आली होती. शाळेच्या प्रयोगवहीत उत्तर आधीच ठाऊक असते. शेजाऱ्याच्या शेतातील मातीचे उत्तर ठाऊक नसते.

ह्याच्या अगदी उलट टोकास ऑलिंपियाडची परंपरा आहे. आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिंपियाडमध्ये भारत 2000 सालापासून भाग घेऊ लागला, आणि 2008 ची स्पर्धा होमी भाभा केंद्राने मुंबईत भरविली. तीत प्रात्यक्षिक परीक्षेस लेखी परीक्षेच्या बरोबरीचे स्थान असते. तयारीसाठी निवडक मुलांना केंद्रात प्रयोगांचे कसून शिक्षण मिळते. दर्जाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र देशाच्या अंतिम संघात चारच विद्यार्थी असतात, हेही विसरता येत नाही. बारावीच्या राज्य मंडळाच्या परीक्षेत जीवशास्त्राचे 70 गुण लेखीचे व 30 प्रात्यक्षिकाचे. बहुसंख्य मुलांचा प्रयोगाशी संबंध ह्या तिसांपुरताच येतो.

शाळांतून जैवतंत्रज्ञानाचा प्रयोग म्हणून कांद्यातून वा केळातून डीएनए काढून दाखविण्याची प्रथा लोकप्रिय आहे. साबण पेशीपटलातील स्निग्ध द्रव्य विरघळवितो, मिठाने डीएनएवरील विद्युत्प्रभार झाकला जातो, आणि थंड अल्कोहोलमध्ये पांढरे तंतू वर येतात. दृश्य मनोहर असते, पण त्यात कोणताही प्रश्न नसतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने विकसित केलेली बीटी प्रथिन ओळखण्याची पट्टी ह्या दृष्टीने अधिक मोलाची. कापसाचे पान द्रावणात चुरडून पट्टी बुडविली, की काही मिनिटांत उत्तर मिळते. पाकिटावर लिहिले ते बियाण्यात आहे काय, हा नरडाण्याच्या शेतकऱ्याचा खरा प्रश्न आहे. प्रयोगास लागणारे तुलनेचे पान मिळणेही एके काळी कठीण नव्हते. पूर्वी बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम बिगरबीटी बियाणे आश्रयपिकासाठी देण्यात येई, आणि पुष्कळ घरी ते न पेरता तसेच पडून राही.