ताटातूट आणि प्रक्षेपण

युद्धाचा इतिहास सामान्यतः लढायांच्या आणि तहांच्या तारखांनी बांधला जातो. कोरियातील युद्धालाही अशा दोन तारखा आहेत. २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या फौजांनी अडतिसावे अक्षवृत्त ओलांडले आणि २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे युद्धविरामावर सह्या झाल्या. परंतु ज्या घरांतील माणसे त्या तीन वर्षांच्या धामधुमीत हरवली, त्या घरांपुरते युद्ध संपलेच नव्हते. ते पुढे तीस वर्षे मूकपणे चालू राहिले. आणि त्यातील एक मोठा अध्याय १९८३ साली दूरचित्रवाणीच्या पडद्यावर घडला.

ही ताटातूट झाली कशी, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या अध्यायाचे मर्म कळणार नाही. नऊ महिन्यांत सोल शहर चार वेळा एका हातून दुसऱ्या हाती गेले. २८ जून १९५० च्या पहाटे हान नदीवरील पूल उडवून देण्यात आला. जे अलीकडे होते ते अलीकडेच राहिले. त्या वर्षाच्या डिसेंबरात हंगनाम बंदरातून सुमारे एक लाख नागरिकांना जहाजांवरून दक्षिणेस नेण्यात आले. अवघ्या बारा उतारूंची सोय असलेल्या ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या मालवाहू जहाजाने एकाच फेरीत चौदा हजारांच्या आसपास माणसे वाहून नेली. अशा गर्दीत आईच्या हातातून मुलाचा हात सुटावयास एक क्षण पुरे होता. ‘चुकामूक झाली तर बुसानच्या योंगदो पुलाशी भेटू’, असा संकेत करून कित्येकजण घराबाहेर पडले होते. त्या पुलाखाली पुढे ज्योतिष्यांची दुकाने लागली, यातच काय ते समजावे.

या ताटातुटीशी भारताचाही संबंध आला. युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन कैद्यांची राखण भारतीय सेनेकडे सोपविण्यात आली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि रक्षक दलाचे नेतृत्व महाराष्ट्राचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांजकडे होते. बहुसंख्य कैदी आपल्या निश्चयावर ठाम राहिले. जे उत्तर कोरियन दक्षिणेत राहिले, त्यांच्या त्या निर्णयाने सीमेपलीकडची आई, पत्नी, मुले कायमची दूर झाली.

आणि तरीही आश्चर्य असे, की सर्वच हरवलेली माणसे सीमेपलीकडे नव्हती. अनेकजण त्याच देशात, क्वचित त्याच शहरात राहत होते. पण त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. अनाथाश्रमात वाढलेल्या मुलांना नवी नावे व नव्या जन्मतारखा मिळाल्या होत्या. किम, ली आणि पाक या तीन आडनावांतच कोरियाची निम्म्याच्या जवळपास लोकसंख्या सामावते. तेव्हा ज्यास वडिलांचे केवळ आडनाव आठवत होते, त्याने दफ्तरात शोध तरी कसा घ्यावा?

३० जून १९८३ रोजी रात्री सव्वादहा वाजता के. बी. एस. या तेथील राष्ट्रीय प्रसारण संस्थेने विभक्त कुटुंबांसाठी एक थेट कार्यक्रम सुरू केला. तो ९५ मिनिटांचा योजिलेला होता. परंतु लोकांची अशी रीघ लागली, की तो मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालूच राहिला. आणि अखेर १४ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे १३८ दिवस, त्याची मालिका चालली. एकूण प्रक्षेपण ४५३ तास ४५ मिनिटांचे झाले. १,००,९५२ अर्ज आले, ५३,५३६ व्यक्तींना पडद्यावर आणले गेले आणि १०,१८९ भेटी घडल्या. ऐन भरात हा कार्यक्रम ७८ टक्के प्रेक्षकांनी पाहिला, असे सांगतात. सोलमधील येओईदो येथील प्रसारणगृहाच्या भिंती आणि पुढील पटांगण हाताने लिहिलेल्या फलकांनी भरून गेले.

कार्यक्रमाची रीत साधी होती. छातीवर फलक धरून मनुष्य उभा राही: नाव, गाव, आईबापांची नावे, कोठे व कसे हरवलो. दूरच्या एखाद्या शहरात दुसरा कोणी ते पाहून तेथील केंद्रात धाव घेई. मग पडद्याचे दोन भाग होत आणि दोन चेहरे शेजारी शेजारी दिसू लागत. घरामागे काय होते? धाकटीला काय म्हणत? कपाळावरचा व्रण कशाचा? उत्तरे जुळत जात, आवाज कापू लागे, आणि पन्नाशीला टेकलेली माणसे लहान मुलांसारखी हंबरडा फोडीत. रक्ताच्या शास्त्रीय परीक्षेची सोय हाताशी नसताना, बालपणीची एखादी आठवण हाच पुरावा होता. सरकारी दफ्तर नावावरून शोध घेते. येथे चेहरा, आवाज आणि आठवण यांवरून घेतला गेला, आणि सारा देश त्यास साक्षी होता.

या यशाचे माप मात्र नीट घ्यावयास हवे. दहा अर्जदारांमागे नऊजणांच्या वाट्यास भेट आली नाही. ज्यांची माणसे उत्तरेत होती, त्यांना हा पडदा निरुपयोगीच होता. दक्षिणेची व उत्तरेची रंगीत प्रक्षेपणपद्धती भिन्न. त्यातून उत्तरेत परके प्रक्षेपण पाहणे हा गुन्हा. दोन्ही बाजूंच्या रेड क्रॉस संस्थांची बोलणी १९७१ पासून सुरू झाली होती. पण पहिली मोजकी भेट घडावयास सप्टेंबर १९८५ उजाडला. पुढे २००० सालच्या शिखर परिषदेनंतर अशा भेटींचा क्रम सुरू झाला. ऑगस्ट २०१८ मधील भेटीनंतर तोही खंडित झाला. नाव नोंदविलेल्या एक लाख तीस हजारांहून अधिक वृद्धांपैकी बहुसंख्य आज हयात नाहीत.

२०१५ साली युनेस्कोने या कार्यक्रमाच्या ध्वनिचित्रफिती व कागदपत्रे जागतिक स्मृतिपटात नोंदविली. त्या संग्रहात हाताने लिहिलेले अर्जही आहेत. राजे आणि सेनापती आपले पत्रव्यवहार मागे ठेवून जातात. युद्धाने चिरडलेली सामान्य माणसे सहसा काही ठेवून जात नाहीत. येथे मात्र त्यांनी आपला इतिहास स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे, आणि त्यातील बहुतेक अर्जांचा शेवट एकाच प्रश्नाकडे येतो: या माणसाला कोणी ओळखते का?