आधी कागदावर, मग पडद्यावर
चित्रीकरणाआधी एकेक शॉट कागदावर रेखाटून घेण्याची पद्धत, म्हणजे स्टोरीबोर्ड, 1930 च्या दशकात डिस्नेच्या ॲनिमेशन स्टुडिओत रुळली. 'गॉन विथ द विंड' (1939) साठी कलादिग्दर्शक विल्यम कॅमेरॉन मेन्झीस यांनी तिचा मोठा वापर केला. रहस्यपटाला तर ती विशेषच मानवली. काय दाखवायचे यापेक्षा काय लपवायचे, हे तिथे आधी ठरवावे लागते.

रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांची चित्रपटांतली सुरुवातच लंडनमध्ये मूकपटांतल्या मजकुराच्या पाट्या तयार करण्यापासून झाली. त्यांच्या 'सायको' (1960) मधला न्हाणीघरातल्या खुनाचा प्रसंग ग्राफिक डिझायनर सॉल बास यांनी आधी चित्रांत मांडला होता. पडद्यावर जेमतेम 3 मिनिटे चालणाऱ्या या प्रसंगाच्या चित्रीकरणाला सुमारे आठवडा लागला. कॅमेऱ्याच्या जागा 70 हून अधिक. शॉवरकडे खालून थेट पाहणाऱ्या शॉटसाठी त्याची मधली भोके बुजवली. पाणी कडेकडेने पडले, भिंग कोरडे राहिले. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरले. कृष्णधवल चित्रपटात ते सहज खपून गेले.

हा प्रसंग आपणच दिग्दर्शित केल्याचे बास पुढे सांगत. त्यातल्या अभिनेत्री जॅनेट ली यांनी ते साफ नाकारले.