एक बंदूक मागे

ह्यूस्टन शहराबाहेरच्या या शोरूममध्ये तुम्ही बूट घ्यायला शिरता आणि नुसतं हात लावून बघण्यातच वेळ जातो. छातीवर बांधायच्या जाकिटात सिरॅमिकची पाटी सरकवलेली आहे. एका हाताने उचलायला गेलात तर मनगट खाली जातं. जाकिटावर पट्ट्यांच्या ओळीच ओळी शिवल्यात, हवा तो खिसा हव्या त्या जागी अडकवता यावा म्हणून. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांचे पॅड, सगळं एकाच मातकट रंगाचं. काउंटरवर कुणीतरी पिस्तुलासाठी फॉर्म भरतंय. बुटांचा विभाग आत आहे, आणि तिथे जाता जाता मागच्या भिंतीवर जुन्या लष्करी रायफली दिसतात. आडव्या टांगलेल्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी. अर्ध्या चिठ्ठ्यांवर हिंदुस्थानचं नाव.

या बंदुका इथे आल्या कशा, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. 2003 च्या सुमारास नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातला अवाढव्य साठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यात ब्राऊन बेसपासून मार्टिनीपर्यंत सगळं होतं. शिवाय आपल्याकडच्या भंगारात निघालेल्या लष्करी रायफलीही इकडे येत राहिल्या. 1898 किंवा त्याआधी बनलेली बंदूक इथल्या केंद्रीय कायद्याने पुराणवस्तू ठरते, तिला फॉर्म लागत नाही.

मालक दोन एनफील्ड काढून काउंटरवर ठेवतो. ठासणीच्या, सारख्याच लांबीच्या. पहिलीच्या नळीत करंगळी घाला. आत तीन खाचा लागतात, पीळ देत खोल जाणाऱ्या. हीच ती 1853 ची एनफील्ड. दुसरीत बोट घाला. गुळगुळीत.

आता नीट उभे राहा. जानेवारी 1857, कलकत्त्याजवळचं डमडम. रायफल शिकायला वेगवेगळ्या पलटणींतून आणलेल्या शिपायांच्या रांगेत तुम्ही आहात. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने ठासायची, टोपी बसवायची, मग बार. कागदाला वंगण लावलेलं आहे आणि ते कशाचं, यावर छावणीत कुजबुज चाललीय. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. वसंतापर्यंत दातांऐवजी बोटांनी फाडण्याची मुभा मिळाली, पण तोवर फार उशीर झाला होता. चरबीची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचली. ती दुसरी, गुळगुळीत नळी मात्र पाठ्यपुस्तकात आली नाही.

ती बनली उठाव मोडल्यानंतर. देशी शिपायाला पुन्हा रायफल द्यायची नाही असं ठरलं, म्हणून त्याच एनफील्डच्या आतल्या खाचा काढून टाकल्या. मागची वर-खाली सरकणारी निशाणीची पट्टी गेली, तिच्या जागी साधा खाचेचा ठोकळा बसला, कारण शंभरेक पावलांपलीकडे या बंदुकीचा नेम भरवशाचा नव्हताच. कवायतीच्या मैदानावर दुरून पाहणाऱ्याला गोऱ्या आणि देशी दोन्ही पलटणींच्या खांद्यावर एकच बंदूक दिसायची. फरक कळायला करंगळी लागते. तोफखानाही, डोंगरी तोफांच्या काही तुकड्या सोडल्या तर, गोऱ्यांच्या हाती गेला. तिथून पुढचा हिशेब सोपा होता: शिपाई गोऱ्या सोल्जरच्या नेहमी एक बंदूक मागे.

तो हिशेब रणांगणात कसा दिसतो ते बघायचं तर भिंतीवरची तिसरी बंदूक हातात घ्या. स्नायडर.

27 जुलै 1880, मैवंद, कंदाहारपासून सत्तरेक किलोमीटरवर. तुम्ही मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्स पलटणीत आहात आणि तापलेल्या मातीवर पालथे पडलाय. समोर अफगाण सरदार आयुबखानाच्या तीसेक तोफा, तुमच्याकडे बारा. भिस्ती पखाली घेऊन मागच्या नाल्याकडे गेलेत ते परत येत नाहीत. जीभ टाळूला चिकटलीय. मग हुकूम येतो आणि तुम्ही बार भरू लागता. घोडा अर्धा चढवा. अंगठ्याने ठोकळा उजवीकडे उलटा. तोच मागे ओढा म्हणजे रिकामं काडतूस सुटतं, पण पडत नाही; बंदूक कुशीवर करून झटकावी लागते. नवं काडतूस ढकला, ठोकळा मिटा, घोडा पूर्ण चढवा, नेम धरा, चाप ओढा.

उजव्या टोकाला 66 वी गोरी पलटण आहे. त्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री, 1871 पासूनची. चापाखालचा दांडा खाली दाबला की रिकामं काडतूस मागून उडून पडतं, नवं ठेवून दांडा वर केला की बंदूक तयार. घोडा चढवायची भानगडच नाही, ती आतल्या आत होते. त्यांच्यासमोरचे हल्ले त्यांच्या माऱ्याने लांबच थांबतात. तुमच्या डावीकडे जेकब्ज रायफल्सच्या दोन कंपन्या आहेत, त्यातले बरेच नवे पोरगे. आधी त्या फुटतात, मग लोंढा तुमच्यावर येतो आणि तुम्हाला घेऊन 66 व्या पलटणीवर आदळतो. अडीच हजारांच्या त्या ब्रिगेडमधली साडेनऊशेहून जास्त माणसं त्या दिवशी मेली.

मैवंद स्नायडरमुळे हरलं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. तोफा कमी होत्या, पाणी नव्हतं, जागा वाईट होती. पण ठपका ठेवताना देशी पलटणी का फुटल्या याची चर्चा झाली, तेव्हा त्यांच्या हातात काय होतं हेही मोजायला हवं. मार्टिनी शिपायापर्यंत पोचली तेव्हा गोरा सोल्जर मॅगझिनच्या ली-मेटफर्डकडे निघाला होता.

पुढची ली-एनफील्ड. सप्टेंबर 1914 अखेर, फ्रान्समधलं मार्से बंदर. लाहोर डिव्हिजन जहाजांतून उतरतेय, लोक फुलं उधळताहेत. तुम्हाला हिंदुस्थानातून आणलेली रायफल जमा करायला सांगतात आणि नवी देतात: दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरायच्या. सत्तावन्न वर्षांनी शिपाई आणि सोल्जर एका बंदुकीवर आले. यात माया शोधू नका. एका आघाडीवर दोन तऱ्हेची काडतुसं पुरवत बसणं परवडणारं नव्हतं, एवढंच. नव्या रायफलीचा हात बसायच्या आत, महिनाभरात, तुम्ही ईप्रच्या चिखलात आहात.

याच रायफली मग बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातूनही निघत राहिल्या, आणि इथे इंग्रजांना शिव्या देऊन मोकळं होता येत नाही. 20 ऑक्टोबर 1962, चीनशी युद्ध, नामका चू नदी. ब्रिगेडियर जॉन दळवींच्या ब्रिगेडमध्ये तुम्ही पुन्हा ग्रेनेडियर्समध्येच आहात, या वेळी चौथ्या बटालियनमध्ये. अंगावर सुती कपडे, हातात तीच ली-एनफील्ड, माणशी पन्नासेक गोळ्या. एक गोळी झाडली की बोल्ट ओढायचा, लोटायचा, मग दुसरी. पलीकडून येणाऱ्या चिनी सैनिकाला दर गोळीमागे बोल्ट ओढावा लागत नाही. बंदूक पुन्हा एक पिढी मागे होती, आणि हा निर्णय लंडनमध्ये झालेला नव्हता.

रांगेतली शेवटची रायफल सगळ्यात स्वस्त आहे. ईशापूर 2ए1, 7.62 मिलिमीटर, बारा गोळ्यांचं मॅगझिन. 62 चा मार खाल्ल्यावर हिचा आराखडा झाला आणि 1965 नंतरही ती बनत राहिली. तिलासुद्धा दर गोळीमागे बोल्ट हातानेच ओढावा लागतो.