लेदरची कड चमकवणारा लाकडी बर्निशर घरीच कसा बनवायचा?

लेदरचं पाकीट किंवा मोबाईल पाऊच भारी दिसतं ते बऱ्याचदा त्याच्या कडेमुळे. कापलेली कड तशीच सोडली तर तंतू सुटतात, ओलावा आत शिरतो आणि कड खरबरीत होत जाते. ती घासून घट्ट आणि गुळगुळीत करणाऱ्या साधनाला बर्निशर म्हणतात. साध्या मराठीत, कड घोटायची घोटणी. ती विकत मिळते, पण मुळात आहे काय? खाचा पाडलेला लाकडाचा गोल तुकडा! म्हणूनच तो घरी बनवता येतो.

बर्निशर काम कसं करतो?

चामडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं गुंतलेलं जाळं. पाणी लावलं की तंतू मऊ होतात. त्यावर लाकूड वेगाने घासलं की घर्षणातून उष्णता तयार होते. ओलावा, दाब आणि उष्णता एकत्र आले की तंतू आडवे होऊन एकमेकांना घट्ट बसतात. चमक येते ती यातून.

आधी लेदर तपासा

ही युक्ती व्हेजिटेबल टॅन्ड, म्हणजे झाडांच्या साली आणि फळांनी कमावलेल्या चामड्यावर चालते. कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच प्रकारातलं. बाजारातल्या बऱ्याच पर्स आणि जॅकेटचं लेदर मात्र क्रोम टॅन्ड असतं. त्याची कड कितीही घासा, नीट बसत नाही. तिथे एज पेंट लावावा लागतो. रेक्झिन तर प्लास्टिकच, ते उष्णतेने वितळतं.

ओळखायचं कसं? ताज्या कापलेल्या कडेत आतला रंग निळसर-राखाडी दिसला तर ते बहुधा क्रोम टॅन्ड. रंग न दिलेल्या व्हेजिटेबल टॅन्ड लेदरवर पाण्याचा थेंब टाकला तर तो शोषला जातो आणि तिथे गडद डाग पडतो. ही तपासणी न करता चुकीचं लेदर घेतलं तर सगळ्यात महागडा बर्निशरही उपयोगाचा नाही.

लाकूड कोणतं घ्यायचं?

कठीण, जड आणि बारीक रेषांचं. शिसव उत्तम, तिची घनता घनमीटरला ८०० किलोच्या वर असते. सागाची साधारण ६५० असते, त्यामुळे सागही चालतो, पण खाच लवकर झिजते. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन टाळा. घरात जुनं शिसवी लाटणं पडून असेल तर काम झालंच. (आधी घरच्यांना विचारा!)

साहित्य

- ३० मिमी जाड, ४० मिमी लांब लाकडी तुकडा
- ६ मिमी जाडीचा, ७५ मिमी लांब बोल्ट, २ नट, २ वॉशर
- ड्रिल मशीन आणि ते पक्कं धरायला शिकंजा
- मूठ असलेली गोल कानस
- १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर

कृती

१. तुकड्याच्या दोन्ही टोकांवर मध्यबिंदू काढा आणि दोन्हीकडून ६ मिमीचं भोक पाडत मध्ये जुळवा.

२. बोल्ट आरपार घाला. दोन्ही बाजूंना वॉशर लावा. एक नट घट्ट करा आणि दुसरा त्यावर आवळा, म्हणजे फिरताना सुटणार नाही.

३. बोल्टचं उरलेलं टोक ड्रिलमध्ये पकडा आणि मशीन शिकंज्यात बसवा.

४. कमी वेगात फिरवून १२० नंबरच्या पेपरने बाहेरची बाजू एकसारखी करा. बोल्ट आधी आणि आकार नंतर, हा क्रम महत्त्वाचा. भोक थोडं बाजूला गेलं असलं तरी लाकूड बोल्टभोवतीच गोल होतं.

५. लाकूड फिरत असताना कानस हलकी टेकवून खाचा पाडा. खाच चामड्याच्या जाडीपेक्षा अर्धा मिमी रुंद हवी. दोन थर मिळून ३ मिमी होत असतील तर खाच साडेतीन मिमी. खोली ३ मिमी पुरे. आकार यू सारखा गोल ठेवा. व्ही आकाराची खाच कडेच्या फक्त कोपऱ्यांना लागते.

६. पेपरची घडी खाचेत धरून २२० ते ६०० पर्यंत घासा. वॉर्निश लावू नका, ते तापून चामड्याला चिकटतं.

तुकडा डगमगतोय का, हे फोनच्या स्लो-मोशनमध्ये बघा. मिनिटाला १००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला जवळपास १७. त्यामुळे २४० फ्रेमच्या व्हिडिओत एका फेरीच्या १४ फ्रेम मिळतात आणि डगमग लगेच दिसते.

वापरताना

कडेचे कोपरे थोडे उतरवून पॉलिश पेपर मारा, मग ओल्या स्पंजने कड फक्त दमट करा. वेग मिनिटाला १००० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. खाचेचा तळ २४ मिमी व्यासाचा असेल तर या वेगात मिनिटाला सुमारे ७५ मीटर लाकूड कडेवरून घासून जातं. ३००० फेऱ्यांवर हे तिप्पट होतं आणि कड करपते. ओलं व्हेजिटेबल टॅन्ड चामडं साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसला आकसून कडक होतं, म्हणून एका जागी थांबू नका. लेदर सरकतं ठेवा. शेवटी मधमाशांचं मेण हलकं चोळून पुन्हा एकदा फिरवा.

सुरक्षितता

चष्मा आणि मास्क लावाच. शिसवीच्या भुशाचा त्वचेला आणि श्वासाला त्रास होऊ शकतो. फिरत्या मशीनजवळ हातमोजे, ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस नकोत. लेदर अशा दिशेने धरा की फिरणारं लाकूड ते तुमच्यापासून दूर ओढेल.

ड्रिल नसेल तर?

१५ सेमी लांब दांडा घ्या, अशाच खाचा कानशीने हाताने पाडा आणि कडेवर जोरात पुढे-मागे घासा. वेळ जास्त लागतो, पण कड करपण्याची भीती जवळपास नाही. पहिलंच पाकीट करत असाल तर यानेच सुरुवात करा, आणि आधी त्याच लेदरच्या उरलेल्या तुकड्यावर हात बसवून घ्या.