लदिनीचे कूळ

मुंबईतील ज्या जुन्या ख्रिस्ती पाखाड्या आणि गावठाणे अद्याप तग धरून आहेत, मग ती वांद्र्याची रानवर असो, माझगावची मथारपाखाडी असो की गिरगावातली खोताची वाडी असो, त्यांच्या गल्लीच्या वळणावर, दोन घरांच्या मधल्या अरुंद जागेत किंवा विहिरीच्या कडेला एखादा दगडी क्रूस हटकून आढळतो. वर्षानुवर्षे चुन्याचे आणि रंगाचे हात चढून त्याच्या कडा बोथट झालेल्या असतात. जोत्याच्या पोटात मेणबत्तीपुरता कोनाडा असतो, त्या कोनाड्याची छपरी काजळीने काळी झालेली आणि तळाशी जुन्या मेणाचा थर साचलेला असतो. आडव्या भुजेवर झेंडूची माळ असते, आणि माळेची पाने बाजूला सारून पाहिले तर जोत्यावर कोरलेले एक वर्ष वाचता येते. हे वर्ष पुष्कळदा 1896 नंतरच्या दहा-बारा वर्षांतले निघते, आणि ते तसे का निघते हे त्या पाखाडीतले म्हातारे माणूस विचारण्यापूर्वीच सांगते. हे प्लेगचे क्रूस होत.

1896 च्या सप्टेंबर महिन्यात मांडवीच्या धक्क्यालगतच्या दाट वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचे रोगी ओळखून महानगरपालिकेच्या कानी ती अशुभ वार्ता घातली, त्यानंतर काही महिन्यांतच जवळजवळ निम्मी मुंबई मिळेल त्या वाहनाने मुलखाकडे पळाली. जे मागे राहिले त्यांच्या वाट्याला रोगाचे भय आले आणि त्याच्या जोडीला बंदोबस्ताचेही भय आले: घरझडती, कौले उतरवून आत ऊन घेणे, गटारे धुणे, भिंतींना चुना फासणे, आणि घरातला रोगी उचलून इस्पितळात व बाकीची माणसे छावणीत नेणे. पुण्यात या बंदोबस्ताचा शेवट कसा झाला ते महाराष्ट्राला सांगावयास नको. येथे सांगावयाचे ते एवढेच, की या दुहेरी भयाने ग्रासलेल्या मुंबईतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी, ज्यांनी त्याच्या नऊ वर्षे आधीच, 1887 साली, आपली संघटना उभारताना ‘ईस्ट इंडियन’ हे नाव पत्करले होते, पाखाडीपाखाडीत क्रूस उभे केले आणि दिवेलागणीला त्यांच्यासमोर जमून ते लदीन म्हणू लागले.

लदीन म्हणजे काय, हे ज्यांनी ती ऐकलेली नाही त्यांच्याकरिता थोडक्यात सांगितले पाहिजे. एकजण पुढे होऊन देवमातेचे एकेक नामाभिधान किंवा एकेका संताचे नाव उच्चारतो, आणि बाकीचे सर्व दर नावामागे तीनचार शब्दांचा एकच ठराविक जबाब देतात, ज्याचा आशय आमच्याकरिता विनंती करावी इतकाच असतो. संतांच्या मोठ्या विनवणीत पुढे संकटांची यादी येते. तीत भूकंप, रोगराई, दुष्काळ, युद्ध आणि अवचित मरण ही सारी उघडउघड नावे घेऊन मांडलेली असतात, आणि दर नावाला सुटकेची याचना जोडलेली असते. माझ्या मते या रचनेत फार मोठे शहाणपण आहे. भ्यालेल्या माणसाला दीर्घ प्रार्थना सुचत नाही, त्याची वाचा बसलेली असते; त्याच्यापाशी ही प्रार्थना फक्त तीन-चार शब्द मागते, तेही शेजारी बसलेल्यांच्या सुरात सूर मिसळून, आणि ज्या गोष्टीचे नाव काढावयास घरात कोणी धजत नाही ती गोष्ट चारचौघांत मोठ्याने उच्चारण्याची सोय करून देते.

हिचे मूळ शोधू गेल्यास आपल्याला पाचव्या शतकातल्या गॉल प्रांतात, रोन नदीकाठच्या व्हिएन नगरात जावे लागते. रोमन साम्राज्याची शकले पडत होती, नगराला भूकंपाचे धक्के बसत होते, आगी लागत होत्या, आणि रानातली जनावरे भर चौकात येऊ लागली होती. अशा वेळी, इ. स. 470 च्या सुमारास, तेथील बिशप मामेर्तुस याने ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचे तीन दिवस उपवासाचे आणि सामुदायिक विनवणीचे म्हणून नेमून दिले. सामुदायिक विनवणी त्यापूर्वी नव्हती असे नाही; परंतु ती कशी होती याचे मोठे बोलके वर्णन मामेर्तुसचा समकालीन बिशप सिदोनियुस अपोलिनारिस याने एका पत्रात केलेले आहे. ती ढिली आणि विरळ असे, जेवणाची वेळ झाली की थांबे, आणि मागणे बहुधा पावसाचे किंवा उघडिपीचे असल्यामुळे कुंभार आणि माळी या दोघांचे तिच्यात एकमत होणे शक्यच नसे. व्हिएनच्या नागरिकांचे मागणे मात्र प्रथमच सगळ्यांचे एक झाले, कारण भय सगळ्यांचे एक होते.

सिदोनियुसने ही रीत स्वतःच्या क्लेर्मों नगरात आणली ती व्हिसिगॉथांच्या वेढ्यांच्या काळात. नगराने आपल्या परीने टक्कर दिली. पण अखेर 475 साली सम्राटाने तह करून क्लेर्मोंसह तो सारा मुलूख गॉथांच्या हवाली केला. या कुळकथेत ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही, उलट ठळकपणे नोंदवून ठेवण्यासारखी आहे. विनवणी केली आणि शहर वाचले, असा हिशेब या प्रार्थनेच्या जन्मकाळापासून कधीच बरोबर जुळलेला नाही. आणि तरीही 511 साली ऑर्लेआँच्या धर्मपरिषदेने तीच रीत संपूर्ण गॉलला लावून दिली, आणि पुढे 800 च्या आसपास रोमनेही ती स्वीकारली. लोकांना तिच्यातून काही निराळेच मिळत असले पाहिजे, एरवी हरलेल्या शहराची प्रार्थना जिंकलेल्या मुलखात पसरत नाही.

दुसरे ठिकाण रोम, साल 590. आदल्या वर्षाच्या अखेरीस तायबर नदीला महापूर आला, धान्याची कोठारे बुडाली, त्यामागोमाग ग्रंथिज्वराची साथ आली, आणि फेब्रुवारीत पोप दुसरा पेलागियुस तिलाच बळी पडला. त्याच्या जागी निवडलेल्या, पण सम्राटाची मंजुरी अद्याप न आलेल्या ग्रेगरीने नगराचे सात समुदाय पाडले: धर्मगुरूंचा एक, मठवासीयांचा एक, जोगिणींचा एक, मुलांचा एक, विधवांचा एक, याप्रमाणे, आणि सात निरनिराळ्या चर्चांपासून विनवणी गात त्यांनी संत मरियेच्या महामंदिरापाशी यावे असा हुकूम काढला. तूर नगराचा एक धर्मसेवक त्या दिवसांत रोममध्ये होता. त्याच्या तोंडून ऐकून तूरच्या ग्रेगरीने (हा तेथला बिशप, निराळा ग्रेगरी) लिहून ठेवले आहे, की ही विनवणी चालू असताना एका तासात 80 माणसे कोसळून मेली, परंतु रोमच्या ग्रेगरीने लोकांना प्रार्थना थांबवू दिली नाही. हेद्रियनच्या समाधीवर देवदूताने तलवार म्यान केली ही सुंदर आख्यायिका पुढच्या काळातली आहे. मला ती 80 माणसे अधिक महत्त्वाची वाटतात. माणसे एकत्र आणल्याने रोग पसरतो हे ज्ञान त्या काळी कोणापाशी नव्हते, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

ते ज्ञान, निदान अनुभवापुरते, येण्यास कित्येक शतके लागली. त्या दरम्यान लदिनीच्या घराण्याचा मोठा विस्तार झाला. संतांच्या विनवणीतून देवमातेची स्वतंत्र विनवणी निघाली. इटलीतल्या लोरेतो या तीर्थक्षेत्री जी म्हटली जात असे तिला 1587 साली पोप पाचव्या सिक्स्तुसने मान्यता दिली, आणि गोव्यापासून वसईपर्यंत घराघरांत पोचली ती मुख्यतः हीच. पण त्याआधी, 1576 साली, मिलान नगरात जे घडले ते थोडे सावकाश सांगण्यासारखे आहे. कारण आपल्या पाखाडीतल्या क्रुसाचा जवळचा आप्त तेथे भेटतो.

त्या वर्षी मिलानमध्ये प्लेग शिरताच गव्हर्नर आणि मातब्बर घराणी शहर सोडून गेली. आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ राहिला. आरंभी त्यानेही मिरवणुका काढल्या, गळ्यात दोरखंड घालून अनवाणी चालला. पुढे लोकांना घराबाहेर पडण्याची मनाई झाली, तेव्हा चर्चला येऊ न शकणाऱ्या लोकांपाशी चर्च नेण्याची व्यवस्था त्याने केली. चौकाचौकांत, घराच्या खिडकीतून दिसतील अशा बेताने, वेद्या उभारून तेथे मिस्सा होऊ लागली. धर्मगुरू दाराबाहेर तिवईवर बसत आणि आतला माणूस बंद दाराआडून आपला पापनिवेदनाचा संस्कार करी. आणि दिवसरात्रीत सात वेळा कथीड्रलची घंटा वाजली की खिडकीखिडकीत माणसे गुडघे टेकीत, एका खिडकीतला आवाज विनवणीचे पद उचली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या त्याला जबाब देत. ज्या घरात कालपर्यंत पाच आवाज होते तेथून आज तीनच आले, हेही त्या जबाबातूनच शेजाऱ्यांना कळत असेल. साथ सरल्यावर अशा चौकांत स्तंभांवर क्रूस उभे राहिले, आणि क्रुसाभोवतीच्या रहिवाशांनी मंडळी स्थापून तेथे सायंप्रार्थना चालू ठेवली.

मिलानची ही रीत कोणी जाणूनबुजून मुंबईस आणली असे म्हणण्यास आधार नाही. तशी गरजही नाही. पोर्तुगीज पाद्र्यांबरोबर सोळाव्या शतकातच क्रूस आणि विनवणी ही दोन्ही गोव्यात आणि वसई-साष्टीत आली होती. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लॅटिन गायन शिकवले जाई. तेथली लदीन दोन-तीन सुरांच्या मेळात, व्हायोलिनच्या साथीने, अंगणातल्या किंवा रस्त्याकडेच्या क्रुसापुढे गाइली जाऊ लागली, आणि शेवटी उकडलेले चणे वाटण्याचा रिवाज पडला. लॅटिन शब्दांचा अर्थ गाणाऱ्या बायामाणसांना पुरता ठाऊक नसे. जबाबाची चाल मात्र हाडीमाशी खिळलेली असे. उत्तर कोकणात 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तहाने ख्रिस्ती रयतेला उपासनेची मुभा राहिली, पण पोर्तुगीज पाद्री गेले आणि पुष्कळ गावे दीर्घकाळ धर्मगुरूवाचून राहिली. मिस्सेला दीक्षित धर्मगुरू लागतो. लदिनीला लागत नाही. घरातली म्हातारी, गावातला जाणता, कोणीही ती चालवू शकतो. या समाजाची श्रद्धा त्या काळातून टिकून राहिली याचे बरेचसे श्रेय मी या एका गोष्टीला देतो.

आणि प्लेगच्या वर्षांत तीच गोष्ट उपयोगी पडली. छावणीत, ओस पडलेल्या वाडीत, दफनाहून परतलेल्या दहा-पाच माणसांत, लदीन म्हणावयास क्रूस आणि एक जाणता आवाज एवढे पुरे होते. बाणांनी विद्ध झालेला संत सेबास्तियन आणि भाकरी आणून देणाऱ्या कुत्र्यासह चितारला जाणारा संत रोक, हे युरोपातले प्लेगचे जुने कैवारी, त्यांनाही साकडे घातले गेले. ज्यांनी क्रूस उभे केले त्यांनी औषध नाकारले असा समज कोणी करून घेऊ नये. मांडवीतला रोग ओळखणारे डॉ. व्हिएगस हे स्वतः गोव्यातल्या हडफड्याचे कॅथलिक होते; आणि शास्त्रज्ञ हाफकिन यांनी तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतलेल्या प्लेगच्या लशीचा प्रसार त्याच मुंबईत झाला. दंडावर लस आणि ओठांवर लदीन यांत त्या पिढीच्या विचारी माणसांना विसंगती दिसली नाही, आणि मलाही दिसत नाही. लशीने देहाचे रक्षण होते. रोगी शेजारच्या खोलीत कण्हत असताना रात्र कशी काढावी, हा प्रश्न लशीच्या कक्षेतला नाही. आणि त्या रात्री पाखाडीतल्या लोकांनी कशाच्या बळावर काढल्या, हे ते क्रूस सांगतात. मन शांत झाले ते रोग टळेल या खात्रीने नव्हे, कारण तशी खात्री लदीन कोणाला देतच नाही. आपले भय ऐकणारा कोणी आहे आणि ते सांगताना आपण एकटे नाही, या दोन गोष्टींनी ते शांत झाले.

हे घराणे आजही वाढते आहे. पहिल्या महायुद्धाच्या ऐन कत्तलीत, 1917 साली, पोप पंधराव्या बेनेडिक्टने लोरेतोच्या विनवणीत देवमातेला शांतीची राणी म्हणून हाक घालण्याचा आदेश दिला, तो आजतागायत पाळला जातो. 27 मार्च 2020 च्या संध्याकाळी, कोरोनाच्या साथीत, पोप फ्रान्सिसने संत पीटरच्या, पावसात भिजणाऱ्या निर्मनुष्य चौकात प्रार्थना केली, तेव्हा त्याच्यासमोर 1522 च्या रोममधील प्लेगात रस्तोरस्ती फिरवलेला संत मार्सेल्लोच्या चर्चमधला लाकडी क्रूस उभा होता. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये विनवणीत जी तीन नवी नामाभिधाने आली त्यांतले एक ‘स्थलांतरितांना दिलासा देणारी’ हे आहे. ज्या उन्हाळ्यात मुंबईतून माणसे पोरेबाळे खांद्यावर घेऊन पायी गावाकडे निघाली, त्या उन्हाळ्यातली ही भर आहे.

मे महिन्यात, क्रूस सापडल्याच्या जुन्या सणाच्या सुमारास, पाखाड्यांतले क्रूस अजूनही सजवले जातात आणि लदीन होते. ती ऐकावयास कोणालाही मज्जाव नसतो. परंतु पाखाड्या मोडून इमारती उठत आहेत, रुंद होणाऱ्या रस्त्यांना क्रूस अडचणीचे वाटू लागले आहेत, आणि लॅटिनचे मराठी, कोंकणी, इंग्रजी झाल्यापासून जुन्या चाली पाठ असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्या समाजातील तरुणांना माझी विनंती आहे, की आपल्या पाखाडीतल्या क्रुसावरचे वर्ष आणि तो उभारण्याचे कारण त्यांनी कागदावर उतरून ठेवावे, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लदिनीची चाल जशीच्या तशी ध्वनिमुद्रित करून घ्यावी, आणि हे काम येत्या मे महिन्याच्या आत करावे.